घंटागाडीचा हौदा किती उंच?

महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर आम्ही रक्तदाब आणि साखर तपासतो. रांगेत सफाईच्या कामावरचे लोक बरेच असतात. कोणी कायम, कोणी कंत्राटावर. साखरेचा आकडा सांगून होतो न होतो तोच दुसरी तक्रार सुरू होते. कंबर धरते, खांदा वर जात नाही, रात्री हाताला मुंग्या येतात. "सिस्टर, मागची गोळी बरी होती, तीच द्या." गोळीने आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. शेवटी एका सकाळी आम्ही शिंप्याची टेप घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या घंटागाडीपाशीच गेलो. रस्त्यापासून हौद्याच्या काठापर्यंतची उंची भरली पाच फूट दोन इंच. गाडीवर काम करणाऱ्या ताईंची उंची चार फूट अकरा इंच.

म्हणजे प्रत्येक बादली त्यांना डोक्याच्या वर न्यावी लागते. परिचारिकेच्या शिक्षणात पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट हाडात मुरवली जाते: रुग्णाला हलवायचे असेल तर आधी पलंग आपल्या कंबरेच्या उंचीला आणा, गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ धरा, आणि उचलताना कंबरेत पिळू नका. घंटागाडीवर यातले एकही पाळता येत नाही. वजन वाकून उचलायचे, वळायचे आणि डोक्यावरून पलीकडे टाकायचे. हे दुखणे गाडीच्या मापातच आहे. हे माप कोण ठरवते, याचा शोध घेत आम्ही कुठल्याकुठे पोहोचलो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर कचरागाड्यांच्या बाजाराबद्दल लिहितो आहोत.

गाडी कशी बनते?

कचरागाडी ही कार किंवा स्कूटरसारखी तयार मिळणारी वस्तू नाही. खालची चॅसिस म्हणजे इंजिन, चाके आणि केबिन हे टाटा, अशोक लेलँड, महिंद्रा, आयशर अशा मोठ्या कंपन्यांचे असते. त्यावरचा हौदा, तो उचलणारा हायड्रॉलिक जॅक, कप्पे, झाकण, डबा उचलणारा हात हे सगळे बॉडी बांधणारा वेगळा कारखाना करतो. हा कारखाना आपल्या मनाने काही बांधत नाही. महापालिका किंवा नगरपरिषद निविदा काढते. तिच्यात तांत्रिक मागणीची काही पाने असतात: हौदा इतक्या घनमीटरचा, पत्रा इतक्या मिलिमीटरचा, ओल्या-सुक्याचे कप्पे इतके, जीपीएस हवे, भोंगा हवा. त्या पानांवर आहे तेवढेच बांधले जाते आणि त्यात जो सर्वांत कमी भाव देतो त्याला काम मिळते. कागदावर नसलेली गोष्ट कारखानदाराने पदरमोड करून बसवली, तर त्याचा भाव वाढेल आणि काम दुसऱ्याला जाईल. काठ खाली घ्यायला त्याचा विरोध असतो असे नाही, त्याला तसे कोणी सांगितलेलेच नसते.

साध्या बाजारात जो वापरतो तोच विकत घेतो. चप्पल चावली तर पुढच्या वेळी आपण दुसऱ्या दुकानात जातो. इथे विकत घेणारे एक खाते, बांधणारा एक कारखाना, चालवणारा तिसराच कंत्राटदार आणि उचलणारी चौथी बाई. त्या चौथ्या बाईला निविदेच्या आधी कोणी विचारत नाही. तिचा खांदा दुखला तर त्याचा खर्च खात्याच्या, कारखान्याच्या किंवा कंत्राटदाराच्या हिशेबात येत नाही. तो येतो तिच्या घरात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या गाड्यांची मागणी एवढी वाढली, त्याला कारणे आहेत. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. २०१६ पासून शहरांची क्रमवारी लावणारे स्वच्छ सर्वेक्षण आले, पहिल्या वर्षी ७३ शहरांसाठी. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण आणि दारोदार संकलन प्रत्येक शहराला बंधनकारक केले. २०२१ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा आला. केंद्राचा निधी आणि गुणांची स्पर्धा एकदम आली, तेव्हा लहान नगरपरिषदांनीही गाड्या घेतल्या. गुण कशाला मिळतात? घरोघरी गाडी जाते का, कप्पे आहेत का, कचरा वेगळा येतो का. म्हणून कप्पे आले, जीपीएस आले, गाणे वाजवणारा भोंगा आला. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. उघड्या उकिरड्याशेजारी पोरे खेळायची ते दिवस आम्हाला चांगले आठवतात. पण गुणपत्रिकेत बाईच्या खांद्याला रकाना नव्हता, म्हणून गाडीतही त्याची सोय झाली नाही.

२००० सालच्या नियमांत तर स्पष्ट लिहिले होते की, कचराकुंडीतला कचरा हाताने हाताळण्यास मनाई आहे. पुढच्याच ओळीत पळवाट होती: अडचणींमुळे टाळता येत नसेल, तर कामगारांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन करावे. या देशात सफाई कामगाराच्या बाबतीत टाळता येणारे असे कधी काही निघाले आहे का?

वजनाचा हिशेब

घरात भाजीचा कचरा टोपलीभर दिसतो, त्याचे वजन जाणवत नाही. आपल्याकडचा मिश्र कचरा घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलो भरतो, कारण त्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. म्हणजे शंभर लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरला की ४० ते ५० किलो. अमेरिकेतली कामगार आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ओझे उचलण्याची मर्यादा सांगते ती २३ किलो. तीसुद्धा सगळे अनुकूल असताना: वजन अंगाजवळ, कंबरेच्या आसपास, वळावे न लागता, धरायला नीट मूठ असताना. खांद्याच्या वर न्यायचे किंवा कंबरेत वळायचे म्हटले की ती मर्यादा भराभर खाली येते.

आता घंटागाडीवर दोन बाया आणि रोज चारशे घरे धरा. घरटी दोन किलो धरले तरी आठशे किलो होतात. दोघींत वाटले तर प्रत्येकीच्या हातातून रोज चारशे किलो डोक्याच्या उंचीवर जातात. याने खांद्याच्या स्नायूंचे दोर झिजतात, मानेतून हातात कळ येते, कंबरेची गादी सरकते. पुरुषांना हर्निया होतो. बायांमध्ये अंग बाहेर येण्याचा त्रास बळावतो, आणि तो सांगायला लाज वाटते म्हणून त्या वर्षानुवर्षे तसेच ओढतात. ताई, मावशी, हा त्रास असेल तर लपवू नका. सुरुवातीला ओटीपोटाचे व्यायाम आणि आधाराची रिंग यांनीही भागते, प्रत्येकीला पिशवी काढावी लागत नाही.

काठ तीन-साडेतीन फुटांवर आणता येतो. हौद्याच्या बाजूला खाली उघडणारा फाळका द्यायचा, किंवा चाकांच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारे कप्पे द्यायचे, किंवा चाकांचे छोटे डबे ठेवून ते उचलायला गाडीवरच हायड्रॉलिक हात बसवायचा. यातले काहीही नवीन शोधायचे नाही. डबा उचलणारा हात मोठ्या गाड्यांवर कितीतरी वर्षे आहे.

कॉम्पॅक्टर आणि त्याची बिनचाकी कुंडी

मोठ्या शहरांत हमरस्त्यावरचा कचरा उचलायला कॉम्पॅक्टर येतो. मागून कचरा टाकायचा, लोखंडी पाते तो आत ओढते आणि दाबून बसवते. हे यंत्र आले ते जिथे कचऱ्यात कागद, पुठ्ठा, खोकी जास्त अशा देशांतून. तिथला कचरा फुगीर आणि हलका असतो, दाबला की जागा वाचते. आपला कचरा आधीच ओला आणि जड. दाबला की त्यातून काळे पाणी निघते. गाडीखालची ते पाणी धरणारी टाकी फुटकी किंवा भरलेली असली की ते रस्त्यावर आणि मागच्या पायरीवर उभ्या असलेल्या लोडरच्या पायांवर पडते. पायाला भेगा असतील तर त्यातून जंतू शिरतात. पावसाळ्यात त्यात उंदराचे मूत मिसळले की लेप्टो. ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणे ही लक्षणे दिसली तर कामावर कशाशी संबंध आला होता ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

कॉम्पॅक्टरच्या मागच्या पात्यात हात अडकण्याची भीती असते. म्हणून पाते दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय चालू नये अशी रचना करता येते. हात बटणांवर असले तर ते पात्याखाली असूच शकत नाहीत. शिवाय लाल रंगाचे तातडीने थांबवायचे बटण दोन्ही बाजूंना, मागे घेताना वाजणारा इशारा, आणि चालकाला मागचे दाखवणारा आरसा किंवा कॅमेरा. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत एका बटणावर दगड बांधून ठेवला होता. का, तर दोन्ही हात गुंतले की खेप लांबते आणि मुकादम ओरडतो. दोष कामगाराला देणे सोपे आहे. पण खेपा मोजूनच पैसे दिले तर बटणावर दगड बांधला जाणारच.

कॉम्पॅक्टरसोबत चार चाकांच्या ११०० लिटरच्या कुंड्या घेतात. चाकांवर ढकलत आणायची, गाडीचा हात ती उचलतो, पालथी करतो. एक कुंडी ४४० किलो माल धरते, तेव्हा ती हाताने उचलण्याचा प्रश्नच नसावा. पण रस्त्याच्या खड्ड्यांत चाक सहा महिन्यांत तुटते. चाक छोटे, किंमत थोडी, आणि तरी ते येत नाही. कारण खरेदी झाली गाडीची आणि कुंडीची, सुट्या भागांची मागणी कोणी केलीच नाही. आम्हाला माहीत असलेल्या एका शहरात बिनचाकाच्या कुंड्या दोरीने ओढायचे, आणि ओढली नाही तर फावड्याने उपसून घमेल्यातून कॉम्पॅक्टरमध्ये टाकायचे. लाखो रुपयांचे यंत्र समोर उभे आणि माणूस घमेले उचलतो. निविदेत पाच वर्षांची देखभाल, सुटी चाके आणि झाकणे यांची ओळ नसली, तर यंत्र पहिल्या पावसाळ्यानंतर नुसते नावाला उरते.

आपल्या गल्लीत कोणती गाडी मावते?

वस्तीतली गल्ली तीन-चार फुटांची. चारचाकी आत येत नाही. ती नाक्यावर दहा मिनिटे थांबते, गाणे वाजवते आणि निघते. धुणीभांड्याला गेलेल्या बाया तेव्हा घरी नसतात. मग पिशवी जाते नाल्यात, नाला तुंबतो, पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी घरात येते, आणि लोक म्हणतात, वस्तीवाल्यांना शिस्त नाही. शिस्तीचा भाग आहेच, तो आम्ही खाली सांगतो. पण आधी हिशेब पाहा. कंत्राटदाराला पैसे टनावर मिळत असतील, तर त्याला एका फेरीत गाडी भरणारा हमरस्ता आणि मोठ्या सोसायट्या परवडतात, आपली गल्ली परवडत नाही. टनावर पैसे असले की ओला कचराही त्याच्या सोयीचा, कारण पाण्यालाही वजन असते. वेगळा करून सुका कचरा विकायचा म्हटले तर काट्यावर वजन कमी भरते. मग वर्गीकरण करा असे भोंग्यावर सांगायचे आणि गाडीत सगळे एकत्र ओतायचे, हे आपण रोज पाहतो.

गल्लीला लागते ती अरुंद ढकलगाडी, चाकांचे छोटे डबे, आणि नाक्यावर बुटक्या हौद्याची तीनचाकी. बॅटरीवरची तीनचाकी आम्हाला पसंत आहे. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे, आणि दिवसभर चालू इंजिनाच्या मागे उभा असतो तो सफाई कामगारच. पण बॅटरीची गाडीही पाच फूट काठाची घेतली तर धूर जाईल आणि खांदा तसाच दुखेल.

पुण्यात याची दुसरी बाजू दिसते. तिथे कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरी कचरा घेते. बाई दारात येते, गल्लीत ढकलगाडी चालते, सुका कचरा वेचून विकला जातो, उरलेले पुढे महापालिकेच्या गाडीत जाते. आधी माणसांचे काम ठरले आणि गाडी त्याच्या मागून आली. बऱ्याच शहरांत याच्या उलट होते. गाडी येते आणि कागद-बाटली वेचून घर चालवणारी आपलीच मावशी रस्त्यावरून हद्दपार होते, कारण भंगारही आता कंत्राटदाराचे. म्हणून "गाडी द्या" एवढीच मागणी करू नका. कोणाच्या हाताखाली, कोणासाठी, हेही लिहा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी राजगृहातल्या सुनीत या झाडूवाल्याच्या धम्मदीक्षेची हकिकत दिली आहे. १९३० च्या दशकात त्यांनीच मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. हे काम आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आले. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते, तिचे मोल घर चालवणाऱ्याला विचारा. पण बापाची नोकरी मिळते तेव्हा बापाची कंबरही वारशाने मिळावी का? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. तो लढा वीस वर्षे संघटना चालवणाऱ्या कामगारांचा होता. तसाच आग्रह आता गाडीच्या मापाबद्दल धरायला हवा.

आता आपल्या घराचे. डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावे लागत नाही. इन्सुलिनच्या सुया, ब्लेड, फुटलेले बल्ब जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा. आपल्या पिशवीतली सुई आपल्याच शेजारणीच्या बोटात जाते. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका, आणि त्याच दिवशी, शक्य तर दोन तासांत, सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहतो. त्याच्या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. घरात सफाईचे काम करणारे कोणी असेल तर हे तीन डोस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, ते आजच विचारा. कंत्राटावर असाल आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात आणि क्रमांक आहे का तेही बघा.

निविदा गुप्त नसते. राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर ती कोणालाही उघडून वाचता येते, शिकणाऱ्या पोरांना ते काम सांगा. चालू कंत्राटाची प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्काचा अर्ज पुरतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात नेमके विचारा: रस्त्यापासून हौद्याच्या काठाची उंची किती मागितली होती, डबा उचलणारा हात आहे का, सुटी चाके आणि देखभाल कोणाकडे, पैसे टनावर की घरांवर, आणि आमच्या वस्तीच्या कोणत्या गल्ल्या फेरीच्या नकाशात आहेत. पुढची खरेदी स्थायी समितीसमोर जाण्याआधी याच गोष्टी मागणी म्हणून लिहून आरोग्य अधिकाऱ्याला आणि नगरसेवकाला द्या, आणि पोहोच घ्या. त्यावर गाडीवर काम करणाऱ्यांची सही नको. त्यांची नोकरी कंत्राटदाराच्या हातात असते. सह्या आपण रहिवाशांनी करायच्या.

आमच्या मोजणीत आतापर्यंत सहा गाड्या झाल्या. तुमच्या नाक्यावर येणाऱ्या गाडीची उंची मोजून, वस्तीचे नाव आणि गाडी येण्याची वेळ लिहून विहारातल्या आरोग्याच्या वहीत नोंद करा. अर्ज लिहायला अडचण असेल तर पहिल्या रविवारी वंदनेनंतर या. टेप, कोरे कागद आणि कार्बन आमच्याकडे आहेत.